जमिनीखालचं लोखंड



शनिवार पेठ म्हटलं की पहिल्यांदा डोळ्यासमोर येतो तो शनिवारवाडा. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १० जानेवारी १७३० ला त्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत केली. दोन्ही दिवस शनिवार होते. १८२८ साली वाड्याला आग लागली, ती सात दिवस धुमसत होती असं सांगतात. लाकडी मजले, महाल, दिवाणखाने सगळं गेलं. राहिले ते दगडी तट, जोती आणि दरवाजे. उत्तरेकडच्या दिल्ली दरवाजाच्या दोन्ही फळ्यांवर मोठाले अणकुचीदार खिळे आहेत, एकेका फळीवर ७२. शत्रूच्या हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते ठोकलेले.

आमच्या गटांच्या बायका माल विकायला पुण्यात आल्या की हे खिळे पाहून हमखास विचारतात, इतक्या पावसाळ्यांत हे लोखंड टिकतं कसं? त्यावर एका ताईंनी दिलेलं उत्तर आम्हाला फार आवडलं. त्या म्हणाल्या, "हे वर आहेत म्हणून. भिजतात आणि वाळतात. आमच्या मळ्यातला लोखंडी खांब वरून धड आहे, पण मातीत गेलाय तिथं उसासारखा खाल्लाय." आजचं सगळं बोलणं या एका वाक्यावर आहे. लोखंड जमिनीत पुरलं की त्याचं काय होतं, आणि ते टिकावं म्हणून माणसांनी आजवर काय काय केलं?

पेशव्यांनी तर हा प्रश्न येऊच दिला नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातलं पाणी पुण्यात आणलं गेलं. अंतर आठ किलोमीटरच्या आसपास. पाणी जमिनीखालून आलं, पण लोखंडी नळातून नव्हे. दगड, विटा आणि चुना यांचा बंदिस्त पाट बांधला, तोही माणूस आत शिरून चालू शकेल एवढा. वाटेत ठिकठिकाणी हवा खेळण्यासाठी आणि आत उतरण्यासाठी उच्छ्वास ठेवले. गाळ खाली बसावा अशी सोय केली. मग ते पाणी शहरातल्या हौदांत आणि शनिवारवाड्याच्या कारंज्यांत खेळलं. दगड-चुन्याला गंज चढत नाही, ही एक गोष्ट. पण आम्हाला त्याहून मोठी वाटते ती दुसरी: जे जमिनीखाली घातलं ते वरून दिसणार नाही, म्हणून आत जाऊन बघायची वाट त्यांनी बांधतानाच ठेवली. पाट बांधणाऱ्याने साफ करणाऱ्याचा विचार केला होता. हे आपल्याला पुढे पुन्हा लागणार आहे.

लोखंड न गंजण्याचं उदाहरण म्हणून दिल्लीचा लोहस्तंभ सगळ्यांनी शाळेत वाचलेला असतो. सुमारे सोळाशे वर्षांचा, सात मीटरहून उंच, सहा टनांहून जड. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे वर एक पातळ थर धरतो आणि तोच खालच्या लोखंडाला सांभाळतो. हे कानपूरच्या आयआयटीतले प्राध्यापक बालसुब्रमण्यम यांनी तपशिलात मांडलं. शाळेच्या पुस्तकात मात्र अर्धीच गोष्ट असते. याच खांबाचा जमिनीत पुरलेला भाग उकरून पाहिला तेव्हा त्यावर गंजाची खपली आढळली. म्हणजे आमच्या ताईंचा मळ्यातला खांब आणि दिल्लीचा लोहस्तंभ, दोघांचं दुखणं एकच.

आता गंज म्हणजे काय ते आपल्या स्वयंपाकघरातूनच समजून घेऊ. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की ते झिजतं. झिजताना त्यातून अगदी बारीक वीज वाहते, बॅटरीसारखी. ओली माती त्या विजेला वाट देते. मातीत क्षार असतील तर वाट आणखी सोपी. आपली काळी माती याबाबतीत वाईट. ती ओल धरून ठेवते, क्षार धरून ठेवते, आणि पावसात फुगून उन्हाळ्यात भेगाळते, त्या ओढाताणीत लोखंडावरचा रंगही सोलून निघतो. मुरुमात आणि वाळूत पाणी निचरून जातं म्हणून तिथं लोखंड जास्त दिवस काढतं.

यावर पहिला उपाय आपल्या आज्या जाणत होत्या: लेप. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करायची, म्हणजे वर कथलाचा थर द्यायचा. पण लेपालेपात फरक आहे. तुपाचा पत्र्याचा डबा आठवा. त्यावर आतबाहेर कथलाचा मुलामा असतो. चरा पडला की त्या चऱ्यातून डबा इतक्या लवकर गंजतो की नुसतं लोखंडही तेवढं गंजत नाही. उलट जस्ताचा मुलामा दिलेली बादली घ्या. विहिरीवर आपटून तिला शंभर चरे पडतात, तरी चऱ्यातलं लोखंड लवकर लाल होत नाही. असं का? दोन धातू एकमेकांना चिकटून ओले झाले की त्यातला जो हळवा, तो आधी झिजतो आणि दुसऱ्याला वाचवतो. जस्त लोखंडापेक्षा हळवं आहे, म्हणून आपण झिजतं. कथील लोखंडापेक्षा निबर आहे, म्हणून तिथं लोखंडालाच झिजावं लागतं.

हे शिवणाच्या गटात सांगितलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे जस्त ही घरातली सूनबाई!" खूप हसलो. उपमा मात्र आम्हाला पटली नाही. जस्त संपत आलं की लोक ते बदलतात, नवीन लावतात. हे कुठल्या घरात झालेलं आम्ही पाहिलेलं नाही.

हळव्या धातूने दुसऱ्याला वाचवायची युक्ती मुद्दाम वापरली ती हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने, १८२४ साली. त्या काळी लढाऊ जहाजांच्या लाकडी बुडाला तांब्याचा पत्रा ठोकत, कारण समुद्रातले किडे लाकूड पोखरत. पण खाऱ्या पाण्याने तांबं झिजे आणि सरकारचा पैसा बुडे. डेव्हीने तांब्याला जस्ताचे किंवा बिडाचे छोटे तुकडे जोडून पाहिले. तुकडे झिजले, तांबं जसंच्या तसं राहिलं. ज्या जहाजावर हे करून पाहिलं त्यांपैकी एकाचं नाव समारांग, आणि ते आपल्या कोचीत सागवानात बांधलेलं होतं. प्रयोग यशस्वी झाला आणि तरीही फसला. तांबं झिजताना थोडं विषारी असे, म्हणून त्यावर शेवाळ आणि शिंपले बसत नसत. झीज थांबली तसं बुडाला शेवाळाचं रान माजलं आणि जहाजं संथ झाली. नौदलाने तुकडे काढून टाकले. आम्हाला हा प्रसंग सांगायला आवडतो, कारण कागदावर बरोबर असलेली गोष्ट कामाच्या जागी गेल्यावर काय रूप घेईल ते आधी कळत नाही.

पुढे १८३७ साली सोरेल नावाच्या फ्रेंच माणसाने लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवायच्या पद्धतीचा हक्क नोंदवला. आपली बादली, कौलांच्या जागी आलेला पत्रा, नळाचा जी.आय. पाइप, सगळी त्याचीच पिलावळ. मुंबईत १८६५ साली रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो गॅस दगडी कोळशापासून काढलेला, आणि तो जमिनीत पुरलेल्या नळांतून दिव्यांपर्यंत जाई. जगभरच्या शहरांत असे नळ पुरले गेले आणि गळू लागले. १९२८ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये रॉबर्ट कून या माणसाने गॅसच्या लांब नळाला उलट दिशेने थोडी वीज देऊन गंज थोपवला. डेव्हीचीच युक्ती, फक्त हळव्या धातूच्या जागी यंत्रातून वीज. तिथून पुढे जमिनीतली लोखंडी वाहिनी किंवा टाकी नुसता रंग लावून पुरणं हे अर्धवट काम मानलं जाऊ लागलं.

आता आपल्या अंगणात येऊ. मैत्रिणींनो, गॅस साठवणारं लोखंड आपल्या खेड्यात पहिल्यांदा आलं ते सिलिंडरच्या रूपात नाही, गोबरगॅसच्या रूपात. खादी ग्रामोद्योग आयोगाने १९६० नंतर गोबरगॅसचा जो प्रसार केला, त्यात जशभाई पटेल यांच्या घडणीचं संयंत्र होतं. जमिनीत विटांची विहीर, त्यात शेणकाला, आणि वर उलटी घातलेली लोखंडी टाकी. गॅस धरला की टाकी वर उचलते, वापरला की खाली बसते. फार साधी आणि हुशार रचना, किती गॅस आहे ते लांबून दिसतं. पण सगळ्या संयंत्रात महाग भाग तोच आणि गंजणारा भागही तोच. शेणाच्या गॅसमध्ये सडक्या अंड्यासारखा वास येणारा एक वायू असतो, तो ओलाव्याबरोबर लोखंड खातो. त्यातून टाकी दिवसात वर-खाली होते, म्हणजे तिचा मधला पट्टा कधी शेणकाल्यात, कधी उघड्यावर. नेमका तिथंच गंज धरतो. मळ्यातल्या खांबासारखंच, हवा आणि ओल जिथं भेटतात तिथं.

उपाय कुणाला ठाऊक नव्हता असं नाही. टाकी दर वर्षी वर काढायची, खरवडायची, तांबडा रेड ऑक्साइड लावायचा, वर काळ्या रंगाचे दोन हात. पण विचार करा. टाकी वर काढायला चार गडी लागतात. रंगाला पैसे लागतात. दोन-तीन दिवस गॅस बंद राहतो. अनुदान मिळे ते मुख्यतः बांधणीला. घरात शेण कालवून घालणारी बाई, चुलीचा धूर वाचला म्हणून सुखावलेली तीच, आणि टाकीला पहिलं भोक पडलं की वास ओळखणारीही तीच. रंगाच्या डब्याचे पैसे मात्र तिच्या हातात नव्हते. आमच्या भागात जुन्या माणसांना विचारलं तर "शेण कमी पडलं" असं पुष्कळजण सांगतात. बायकांना विचारलं तर "टाकी फुटली" असं सांगतात. दोन्ही खरं असेल, पण आमचा कल बायकांच्या बाजूला आहे. गंजलेली टाकी परसात उलटी पडलेली आणि तिच्यावर दोडक्याचा वेल चढलेला, हे चित्र आपल्यापैकी अनेकींनी पाहिलं असेल.

मग कारागिरांनी पेशव्यांसारखाच मार्ग धरला: लोखंडच काढून टाकलं. १९७८ च्या सुमारास 'जनता' आणि १९८४ मध्ये 'दीनबंधू' ही विटा-सिमेंटच्या घुमटाची संयंत्रं आली. त्यात गंजायला काही नाही, पण घुमटाला तडा गेला तर गॅस निसटतो, म्हणून गवंडी चांगला लागतो. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने प्लॅस्टिकच्या पाण्याच्या टाक्या एकात एक घालून, खरकट्यावर आणि पिठावर चालणारं छोटं संयंत्र केलं. त्याला २००६ साली लंडनचं ॲशडेन पारितोषिक मिळालं. तिथंही लोखंड नाही.

सिलिंडरचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे घरगुती गॅस पहिल्यांदा आला १९५५ मध्ये मुंबईत, बर्मा शेल कंपनीचा. प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचं ते मिश्रण. गावागावात पोचायला साठ वर्षं लागली, उज्ज्वला योजना २०१६ ची. सिलिंडर गंजतो तो बुडाशी, ओल्या फरशीवर उभा असतो म्हणून. वरच्या कड्याला धरणाऱ्या पट्ट्यांवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे वर्षाची शेवटची तिमाही, आणि पुढे वर्ष. त्या तिमाहीनंतर सिलिंडरची पुन्हा तपासणी व्हायलाच हवी. तारीख उलटलेला सिलिंडर दारात आला तर परत पाठवा, तो आपला हक्क आहे.

पुण्यात आता पेठांमधूनही नळाने गॅस येतो. रस्ता खणलेला असतो तेव्हा पिवळी नळी दिसते ती गॅसची. ती प्लॅस्टिकची असते म्हणून गंजत नाही. मोठ्या दाबाच्या मुख्य वाहिन्या मात्र पोलादी असतात. त्यांच्यावर जाड प्लॅस्टिकचा थर आणि शिवाय कून यांची विजेची युक्ती, दोन्ही असतं.

हे सगळं आम्ही शोधून काढलं त्याला कारण झालं. आमच्या चार गटांनी मिळून भाकरी-चटणीचं सामायिक स्वयंपाकघर काढायचं ठरवलं आहे. सिलिंडरच्या ओळीऐवजी गॅसची टाकी जमिनीत पुरून देतो, असं सांगणारा एक माणूस येऊन गेला. टाकी पुरल्याचे फायदे खरे आहेत. जागा वाचते, ऊन लागत नाही, शेजारी आग लागली तर टाकी तापत नाही. पण तो म्हणाला, "एकदा पुरली की तीस वर्षं बघायला नको." इथं आमचे कान टवकारले. मळ्यातला खांब आठवला.

मग आम्ही नीट विचारून घेतलं. जमिनीत पुरायच्या टाकीला आधी कारखान्यात जाड लेप देतात. क्रेनच्या साखळीने खड्ड्यात उतरवताना त्याला चरा पडतो, म्हणून माती टाकायच्या आधी चरे शोधून बुजवायचे असतात. खड्ड्यात काळी माती आणि दगड परत ढकलायचे नाहीत, भोवती स्वच्छ वाळू घालायची. आणि बादलीचा धडा: टाकीला तारेने मॅग्नेशियमचे ठोकळे जोडून बाजूला पुरायचे. मॅग्नेशियम जस्ताहूनही हळवं. ठोकळा कापडी पिशवीत असतो आणि पिशवीत बहुतेक जिप्सम, तेच आपण चोपण जमिनीत टाकतो ते, म्हणजे भोवती ओल टिकते. ठोकळा झिजतो, टाकी राहते. जिथं चरा बुजवायचा राहिला तिथं हा ठोकळा कामाला येतो.

ठोकळा काम करतो आहे की संपला, हे वरून कसं कळणार? त्यासाठी टाकीपासून एक तार वर आणून ठेवतात. तपासणारा एक नळी आणतो, तिच्यात तांब्याची कांडी आणि मोरचुदाचं गडद द्रावण असतं. बोर्डो मिश्रणात घालतो तोच मोरचूद. नळीचं टोक ओल्या मातीवर टेकवायचं, मीटरची एक वायर नळीला, दुसरी टाकीच्या तारेला. आकडा उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त उणे आला तर टाकी सुरक्षित. उणे ०.६ वगैरे आला तर ठोकळे संपत आले, किंवा तार तुटली, किंवा टाकीची वीज दुसरीकडे पळते आहे. हा ०.८५ चा आकडा कून यांच्याच कामातून आला.

दुसरीकडे पळते म्हणजे कुठे, तर बहुधा अर्थिंगमध्ये. आपण अर्थिंगच्या खड्ड्यात तांब्याची पट्टी, मीठ आणि कोळसा घालतो. टाकीचा नळ स्वयंपाकघरात जाऊन त्या तांब्याला जोडला गेला, तर ठोकळा टाकीला वाचवायचं सोडून गावभरच्या तांब्याला वाचवत बसतो आणि लवकर संपतो. तांबं निबर, लोखंड हळवं, म्हणून मग टाकीची पाळी. यासाठी नळात वीज अडवणारा एक खास जोड बसवतात.

अशा टाक्यांना परवानगी देणारं केंद्र सरकारचं खातं आपल्या महाराष्ट्रातच आहे. स्फोटक पदार्थांची सुरक्षा पाहणाऱ्या 'पेसो' संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. टाकी बसवणाऱ्याकडे त्या परवान्याची आणि टाकीच्या तपासणीच्या दाखल्याची प्रत मागता येते.

आमच्या बैठकीत करारासाठी मजकूर तयार झाला आहे. टाकी पुरायच्या आधी लेपाची तपासणी गटाच्या दोन बायकांसमोर व्हावी. तपासणीची तार झाकणाखाली, पण हाताला लागेल अशी ठेवावी. पुरल्यावर पहिला आकडा लिहून द्यावा आणि पुढे दर वर्षी कोण, कधी, किती पैशांत मोजणार ते आत्ताच ठरावं. ठोकळे बदलायचा खर्च कुणाचा, तेही. यावर बराच वाद झाला, कारण काही जणींचं म्हणणं होतं की इतकं मागितलं तर माणूस परत येणार नाही. शेवटी ठरलं ते असं: गटाच्या वहीत 'टाकी' या नावाचं वेगळं पान घालायचं, त्यात महिन्याला थोडी रक्कम टाकायची आणि वर्षाचा आकडा तारखेसह लिहायचा. मोजणी मे महिन्यात नको, जमीन कोरडी असते आणि आकडा फसवतो. पहिला पाऊस चांगला मुरला की करायची, म्हणजे जुलैच्या हप्त्याच्या बैठकीला वहीत आकडा आलेला असेल.